मधल्या जागेचं दुखणं

लावणीच्या पार्टीत दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक सेफ्टी पिना आणि दुसरे किस्से. एका नऊवारीला पंधरा-वीस पिना लागतात. त्यातल्या चार-पाच शो संपल्यावर कुठं जातात ते देवालाच ठाऊक. मग पर्समध्ये, डब्यात, नवऱ्याच्या खिशात, कुठंही हात घाला, टोचतात! किस्स्यांचंही तसंच. कुणी जमवत बसत नाही, आपोआप साठतात.

आता जे सांगणार आहे ते सगळे किस्से एकाच काळजीतून निघाले. त्या काळजीपायी मी आठवडाभर झोपले नाही. एका बाजूला पाच वर्षांची शरू माझ्या तोंडावर पाय टाकून झोपलेली, दुसऱ्या बाजूला नवरा घोरतोय. तो पार्टीत ढोलकी वाजवतो, त्यामुळे घोरणंसुद्धा लयीत. आणि मध्ये मी, टक्क जागी. डोक्यात एकच सीन. मुखेडच्या जत्रेत मी गिरकी घेतली, समेवर येऊन थांबले. मी थांबले, पण माझं पोट माझ्यानंतर थांबलं!

लोकांना कळलं असेल-नसेल, पण पार्टीच्या मालकीण मंगलबाईंना कळलं. साठी उलटलेली ही बाई, एकेकाळी स्वतः नाचलेली. पडद्याआडून पानाचा विडा लावता लावता नाचणारीचं वजन सांगते. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्या सहज म्हणाल्या, "मोनालीला एखाद्या गाण्याला मधी घेऊन बघावं का गं?"

सहज हं!

नऊ वर्षं मधली जागा माझी आहे. मधली म्हणजे फ्लेक्सवर जिचा फोटो मोठा, पहिली लावणी जिची, वन्समोर जिला. त्या जागेसाठी मी काय नाही केलं? आता म्हणाल, डी.एड. झालेली बाई लावणीत कशी? भरतीची वाट बघून बघून. कॉलेजच्या गॅदरिंगला नाचत होते, एकदा मंगलबाईंनी पाहिलं. आणि शाळेत मी शेवटी पोचलेच. जत्रा कमिटी आम्हाला तयार व्हायला गावातल्या शाळेचा वर्गच देते. डी.एड.चा तेवढा उपयोग झाला. फळ्यावर 'आरोग्य हीच संपत्ती' लिहिलेलं असतं आणि खाली मी श्वास रोखून नऊवारी कसत असते.

* * *

मुखेडच्या त्या शोचा व्हिडिओ कुणीतरी टाकला. पुढं बसलेल्या पोरांपैकी कुणीतरी. मी तो बघितला. मग हळू करून बघितला. मग थांबवून थांबवून बघितला.

"अगं, एवढं तर तू परीक्षेचं पुस्तक बघितलं नव्हतंस," संतोष म्हणाला. संतोष म्हणजे माझा नवरा.

कमेंटा वाचायला घेतल्या. पहिली, "एक नंबर!" बरं वाटलं. दुसरी, "लई भारी!" आणखी बरं वाटलं. तिसरी, "मागची डाव्या हाताची कोण हाय?" आणि त्याच्याखाली सगळं गाव त्या मागच्या डाव्या हाताचीलाच शोधत होतं. ती म्हणजे मोनाली.

माझा संयम तसा मोठा आहे, पण त्या दिवशी चार्जिंगला लावला होता बहुतेक. मी लिहिलं, "ती नवीन आहे. अजून शिकतेय." झक्कपैकी टाकून दिलं.

दोन मिनिटांत त्या कमेंटवर एक लाल बदाम आला. मोनालीचा! मला कळेना, ही खूश कशानं झाली? मग नीट बघितलं. हातातला मोबाईल संतोषचा होता, आणि कमेंट त्याच्या नावानं गेली होती.

संध्याकाळी तालमीला मोनाली लाजत लाजत म्हणाली, "दाजी, तुमचं एवढं लक्ष असतंय माझ्या शिकण्यावर, मला माहीतच नव्हतं!"

* * *

मोनालीबद्दल सांगायलाच हवं. एकवीस वर्षांची, धर्माबादची. घरात अर्धी तेलुगू चालते, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून 'अक्का'. अक्का म्हणजे मोठी बहीण. ते मला माहीत आहे. पण ती ज्या आदरानं म्हणते ना, त्यात मला माझं रेशनकार्डावरचं वय ऐकू येतं.

पहिल्या दिवशी वाकून पाया पडली आणि म्हणाली, "अक्का, मी पाचवीत होते तेव्हापासून तुमचा प्रोग्राम बघून राहिले!"

हे कुठून निघालं ते मला अजून कळलेलं नाही. मला पार्टीत येऊन नऊ वर्षं झाली आणि ही एकवीसची. हिशोब केला तर ती माझं पहिलं गाणं बघायला आली तेव्हा सातवी-आठवीत असणार. म्हणजे मला आणखी म्हातारी करून ती वर पायाही पडली!

शोच्या आधी आम्ही बाकीच्या अर्धी पोळी आणि चहावर असतो. पोट भरलं की गिरकी जड जाते. ही बाई बसते मांडी घालून, ताटभर ताहरीभात खाते, वर चार मिरची भजी, त्यावर "अजून हाय का?" आणि नऊवारी नेसून उभी राहिली की पोट असं सपाट, जसं काही ती भजी माझ्याच पोटात गेली!

एकदा न राहवून मी मंगलबाईंना विचारलं, "बाई, हिनं खाल्लेलं जातं कुठं हो?"

मंगलबाईंनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाल्या, "वयात जातंय."

* * *

ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पायावर असावी लागते. हा धंद्याचा नियमच आहे. पाय कुठं पडतोय ते बघून त्याला थाप द्यायची असते. नऊ वर्षं संतोषची नजर माझ्या पायावर होती, तोवर मला हा नियम फार आवडायचा. आमचं लग्नच त्या नियमानं जमलं.

मग एका गाण्याला मंगलबाईंनी मोनालीला खरोखरच मध्ये घेतलं. 'बघू तरी' म्हणून. मी कडेला. आणि माझा नवरा सात मिनिटं दुसऱ्या बाईच्या पायांकडे बघत होता, तेही कामाचे पैसे घेऊन!

घरी येईपर्यंत मी दम धरला. मग म्हणाले, "पाय चांगले आहेत नाही तिचे?"

"कुणाचे?"

"बघत तर होतात!"

"अगं, बघावंच लागतं. न बघता वाजवू कसं?" मग समजूत काढायला म्हणून तो म्हणाला, "हे बघ. तुझा पाय कधी चुकला ना, तर मी लगेच ठेका फिरवून सावरून घेतो. कुणाला कळत नाही. तुझ्यासाठीच करतो. बाकी कुणी चुकलं तर मी सरळ वाजवत जातो, पडली तर पडली."

मला भरूनच आलं. किती वर्षं हा मला असा सांभाळत होता! मी डोळे पुसत विचारलं, "मग आज तिला का नाही पाडलं?"

"ती चुकलीच नाही ना!"

* * *

पोट कमी करायच्या ऑपरेशनचा विचार काही एकदम आला नाही. आधी स्वस्तातले उपाय झाले. ओवा, कोमट पाणी, लिंबू. आणि मग ऑनलाईन मागवलेला तो पट्टा. जाहिरातीत एक बाई पट्ट्यात शिरते आणि दुसरीच बाई होऊन बाहेर पडते.

देगलूरच्या शोला मी तो नऊवारीखाली घातला. दोन पोरींनी दोन्हीकडून ओढून बसवला. आरशात पाहिलं तर खरंच, शरूच्या आधीची मी!

पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्या कडव्याला पट्ट्याला घाम फुटला आणि तो वर गुंडाळायला लागला. हळूहळू. चटईसारखा. मी त्याला खाली दाबायचं म्हणून डावा हात कमरेवर नेला आणि कंबर एका बाजूला झटकली. पट्टा इंचभर खाली आला. परत वर. परत मी झटकली. तिसऱ्यांदा मी झटकली तशी पुढची गर्दी उठूनच उभी राहिली. शिट्ट्या, टोप्या, रुमाल! वन्समोर! म्हणजे परत पहिल्यापासून, आणि पट्टा आता छातीपाशी!

कसंबसं आत आले. श्वास लागलेला. मोनाली डोळे मोठे करून उभी. "अय्यो अक्का, काय अदा होती ती! शिकवा ना मला!"

काय सांगणार? शिकवली. म्हटलं, असा हात, अशी कंबर, असा झटका. आता ती प्रत्येक शोला करते. माझ्यापेक्षा चांगली करते. आणि पट्ट्याशिवाय करते!

* * *

तर शेवटी लातूर.

नांदेडला डॉक्टर नाहीत का? भरपूर आहेत. पण नांदेडात माझे फ्लेक्स लागतात. चौकात जिचा फोटो लागतो ती बाई त्याच चौकातल्या दवाखान्यात पोट घेऊन कशी जाईल? म्हणून लातूर.

सासूबाईंना खरं सांगायची हिंमत नव्हती. त्याच शरूला सांभाळतात, म्हणून माझं सगळं चालतं. त्यांना म्हटलं, "भरतीची कागदपत्रं तपासायला बोलावलंय लातूरला." त्यांनी हातावर दही ठेवलं. देवापुढं दिवा लावला. शरूकडून 'ऑल द बेस्ट' म्हणवून घेतलं. एसटीत बसून मी दोन तास स्वतःला शिव्या घालत होते.

दवाखान्यात सगळ्या बायका शांत, गोड, एकमेकींकडे चोरून बघणाऱ्या. शेजारचीनं विचारलं, "तुमचं काय?" एसटीत 'कुठं उतरणार' विचारतात तसं.

"पोट," मी म्हणाले.

"माझं नाक," ती म्हणाली. आणि दोघी थोडा वेळ एकमेकींचा तो तो भाग बघून मनातल्या मनात म्हणालो, हिला काय गरज आहे?

फॉर्ममध्ये व्यवसाय विचारला होता. मी लिहिलं, 'कलावंत.'

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "कलावंत म्हणजे मेहंदी वगैरे का मॅडम?"

"नृत्य."

"अच्छा, क्लास घेता."

"नाही. लावणी. स्टेजवर."

तिनं मान वर केली. नावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उभीच राहिली. "अय्या! तुम्ही? आमच्या मामाच्या गावाला, देगलूरला, केवढा मोठा फ्लेक्स होता तुमचा!" सेल्फी झाला. तिनं तो मोठा करून बघितला, परत माझ्याकडे बघितलं आणि अगदी निरागसपणे म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही फ्लेक्सवर वेगळ्याच दिसता!"

* * *

मी वेगळी का दिसत होते, ते दहा मिनिटांनी कळलं.

डॉक्टर सज्जन होते. तपासलं, कातडी किती सैल आहे ते चिमटीत धरून दाखवलं, बाळंतपणात पोटाचे स्नायू मधून फाकलेत म्हणाले, ते शिवावे लागतील. मग खुर्चीत टेकून म्हणाले, "तुमची अपेक्षा काय आहे? एखादा फोटो आहे का, असं व्हायला हवं, असा?"

होता ना! मी मोबाईल काढला आणि तोच देगलूरचा फ्लेक्स उघडला. दुसऱ्या कुणाचा फोटो दाखवायला मी काय वेडी आहे? म्हटलं, "मी हीच आहे. फक्त परत अशी करा."

त्यांनी फोटो मोठा केला. कमरेपाशी आणला. आणखी मोठा केला. "हा कधीचा?"

"दोन महिन्यांपूर्वीचा."

डॉक्टरांनी माझा केसपेपर परत वाचला. मग अगदी हळू म्हणाले, "मॅडम, इथं कमरेवर एक तीळ आहे. चांगला ठळक. तुम्हाला तर नाही."

मी मोबाईल घेतला. तीळ बघितला. त्या तिळाशी माझी रोजची ओळख होती. रोज आरशात दिसतो, फक्त माझ्या शेजारच्या बाईला असतो.

आमचे फ्लेक्स नांदेडचा बालाजी करतो. तो थोडा हात फिरवतो ते माहीत होतं. गोरं करतो, डोळ्याखालचं काळं काढतो, सगळ्यांचंच करतो, पुढाऱ्यांचंसुद्धा. मी तिथूनच फोन लावला. घाईत चुकून स्पीकर चालू झाला.

"बालाजी, खरं सांग. देगलूरच्या फ्लेक्सवर कंबर कुणाची आहे?"

पलीकडे आधी घसा खाकरला. मग, "ताई, रागावू नका. मंगलबाई म्हणल्या, डोकं तिचंच ठेव, लोक त्या तोंडावर येतेत. बाकीचं बघ म्हणल्या जरा. तर बाकीचं मोनालीचं घेतलं." थोडं थांबून काळजीनं विचारलं, "का ताई, जोड दिसून राहिला का?"

मी उत्तर द्यायच्या आधीच डॉक्टर टेबलावरून पुढं वाकले आणि फोनमध्ये म्हणाले, "अजिबात नाही! सुंदर केलंय."

* * *

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "झालं का गं काम?" म्हटलं, "वेटिंगवर आहे." त्यांनी परत दिवा लावला.

खरी अडचण पुढंच होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशननंतर तीन महिने नाच बंद. गिरकी नाही, उडी नाही, भरलेली कळशीसुद्धा उचलायची नाही. आणि जत्रांचा हंगाम तोंडावर आलेला. पावसाळ्यापर्यंत थांबावं तर तोवर मधली जागा राहील याची खात्री नाही. म्हणजे जागा टिकवायला पोट हवं, पोटासाठी जागा सोडायला हवी, आणि सोडली की त्या जागेवर कोण उभी राहणार ते सगळ्या मुखेडला माहीत आहे!

मी मंगलबाईंना जाऊन सगळं सांगितलं. फ्लेक्सवरून भांडायला गेले होते, पण रडूच आलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग तोंड उघडून आतला एक दात दाखवला. सोन्याचा.

"हा दिसतोय का? मी तुझ्याएवढी होते तवा माझा हा दात किडून पडला. हसले की खिंडार दिसायचं. म्हणलं, आता हंगाम जातोय हातचा. उदगीरला एक दातवाला होता. सोन्याचा बसवून घेतला. आठ दिवस सूज. आठच दिवस गं. तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीला मधी उभं केलं."

"मग?"

"मग काय! दात अजून हाय."

* * *

त्यानंतरचा किस्सा सांगताना मला माझी थोडी लाज वाटते. पण सांगते.

एका शाळेत तयार होत होतो. बाकीच्या पोरी चहाला गेलेल्या, वर्गात मी आणि मोनाली. ती भिंतीकडे तोंड करून घुंगरू बांधत होती आणि नाक ओढत होती. विचारलं तर म्हणाली, "अक्का, मला पण घेऊन चला लातूरला."

ही बातमी पार्टीत पोचली नसती तरच नवल. "तुला कशाला? तुझं पोट तर..."

"पोट न्हाई. तोंड."

मी तिला वळवून बघितलं. चांगलं तोंड आहे. थोडं रुंद आहे, नाक जरा बसकं. पण म्हणून काय?

"माझ्या तोंडाकडे कुणीच बघत न्हाई, अक्का. सगळे खालीच बघतेत. तुम्ही नुसत्या भुवई उचलता अन् बाया सुद्धा हसतेत. मी रात्रंदिवस आरशात भुवई उचलून राहिले, माझ्याकडे कोण बघतंय? आईला देगलूरला घेऊन गेले होते, म्हणलं माझा फोटो दाखवते. फ्लेक्ससमोर उभी राहिले तर..." आणि मग ती खरंच हुंदके देऊन रडायला लागली. "आख्ख्या देगलूरात माझी कंबर लावली, अक्का, अन् नाव तुमचं!"

मोठ्या बहिणीनं काय करायचं असतं? जवळ घ्यायचं असतं. घेतलं. पाठीवर हात फिरवला. "वेडी का तू," असंही म्हणाले. पण आतून इतकं गार गार वाटत होतं म्हणून सांगू! तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळत होतं. मी तिला आणखी थोडं रडू दिलं.

मग म्हणाले, "डोळे पूस, काजळ उतरेल." ती पुसायला लागली आणि मला दिसलं, रडूनसुद्धा हिचे डोळे सुजत नाहीत. माझे दोन दिवस सुजतात!

* * *

शेवटचा किस्सा रविवारचा. दुपारची वेळ. सासूबाई पापड वाळत घालायला गच्चीवर. संतोष ढोलकीला शाई लावत बसलेला. शरू पलंगावर उभी राहून बाहुलीची वेणी घालत होती, म्हणजे बाहुलीचे केस उपटत होती.

लातूरहून फोन आला. तीच रिसेप्शनवरची. "मॅडम, डॉक्टरांकडे पुढच्या गुरुवारची एक जागा रिकामी झालीय. तारीख टाकू का? आज सांगावं लागेल."

मी फोनवरसुद्धा पोट आत ओढलं. जेवढं गेलं तेवढं. संतोषकडे बघितलं. तो म्हणाला, "तुझं अंग आहे बाई, तू ठरव. तू कशीही असलीस तरी मी वाजवणारच आहे." हे ऐकायला चांगलं वाटतं, पण नीट विचार केला तर तो कुणासाठीही वाजवणारच आहे!

"एक मिनिट हं," मी फोनवर म्हणाले आणि मोबाईलवर हात ठेवला.

मग मला वाटलं, आपण हा सगळा विचार जागेचा, पोटाचा, मोनालीचा करतोय. आई म्हणून कधी करणार? जत्रेला निघाले की ही पोर दारापर्यंत रडत येते. माझ्या पदराला धरते, सासूबाईंना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागतात. टेम्पो वळेपर्यंत तिचा आवाज माझ्या कानात असतो. तीन महिने घरी राहिले तर निदान हिला तरी आई मिळेल. ही एकटीच अशी आहे, जिला मी मधेच काय, कडेला, कोपऱ्यात, कुठंही उभी राहिले तरी चालेन. ही 'हो' म्हणाली, टाळ्या वाजवल्या, की तारीख टाकायची. ठरलं.

मी पलंगापाशी जाऊन खाली बसले. "शरू, एक गंमत सांगू? आई आता तीन महिने कुठंच जाणार नाही. जत्रेला नाही, तालमीला नाही. रोज घरी!"

तिनं बाहुली खाली ठेवली. "खरं?"

"खरं!"

"आणि बाबा?"

"बाबांना जावं लागेल ना. ढोलकी कोण वाजवणार?"

"मग नाचणार कोण?"

मोबाईलमधून बारीक आवाज येत होता, "हॅलो? मॅडम? टाकू का?"

"मोनाली मावशी," मी म्हणाले.

शरूनं विचार केला. पलंगावरून उतरली, दोन्ही हातांनी माझे गाल धरले आणि म्हणाली, "मग मी बाबा आणि मोनाली मावशीबरोबर जाते. तू आजीपाशी राहा. शहाण्यासारखं जेवायचं, दाराशी येऊन रडायचं नाही. येताना तुला रेवड्या आणते हं!"